झाकणाखालचा कागद

मी आयुष्यभर झाकणं केली. सुरुवातीला हे सांगायची मला लाज वाटायची. लग्न ठरवताना सासऱ्यांनी विचारलं, "कंपनीत नक्की काय बनवता?" तर "प्लास्टिकचे पार्ट" असं मोघम सांगून मी चहाचा कप तोंडाला लावला. पुढे बायकोला खरं कळलं तेव्हा ती पोट धरून हसली. दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही. राग माझ्या नाकावरच असायचा, आणि झाकणांवर कुणी हसलं की हमखास यायचा.

तळोज्याच्या इंडस्ट्रियल एरियात, मागच्या गल्लीत आमचा छोटा कारखाना होता. चार मशिनं, एक टूलरूम आणि काचेच्या केबिनमधून सगळ्यांवर ओरडणारे शेठ. तेलाच्या, फिनेलच्या, सरबताच्या बाटल्यांची झाकणं आम्ही बनवायचो. मी साचे तयार करायचो. साचा केसाएवढा चुकला तर पुढची सगळी झाकणं तेवढीच चुकतात, म्हणून टूलरूमचा माणूस जरा खडूस असतो, असं मी स्वतःच्या स्वभावाचं समर्थन करत असे. हळूहळू झाकण कसं असावं हेही शेठ मलाच विचारायला लागले. पगाराच्या कागदावर मात्र मी शेवटपर्यंत फिटरच राहिलो.

आबा गेले त्या वर्षी आईला मी साताऱ्याकडच्या गावाहून कळंबोलीला आणलं. एक खोली आणि किचन. खिडकीतून लोखंडाच्या बाजाराकडे जाणाऱ्या ट्रकांची रांग दिसायची. आई दुपारभर ती बघत बसायची आणि संध्याकाळी मी आलो की विचारायची, "एवढं लोखंड जातं तरी कुठं रं?"

येताना तिनं गावच्या घाण्याचं तेल आणलं होतं, आणि ते कसं बांधून आणलं होतं ते मी कधी विसरणार नाही. बाटलीच्या तोंडावर दुधाच्या पिशवीचा चौकोनी तुकडा, त्यावर झाकण घट्ट फिरवलेलं, झाकणाबाहेर आलेल्या कडांवर रबरबँड, वरून आणखी एक पिशवी आणि तिला सुतळीची गाठ. प्लास्टिकच्या त्या तुकड्याला ती कागद म्हणायची. तसं हे घरोघरचंच. लोणचं असो, काकवी असो, झाकणाखाली कागद गेल्याशिवाय आपल्याकडची बाटली घराबाहेर पडत नाही. आमच्या किचनच्या टाइल्सवर तर आईनं धुऊन चिकटवलेल्या दुधाच्या पिशव्या कायम वाळत असायच्या. वाळली की पिशवी आपोआप सुटून ओट्यावर पडायची, मग आई तिचे तुकडे करून डब्यात ठेवायची.

दुसऱ्या कुणाच्या घरी हे कौतुकानं बघितलं असतं. माझ्या घरी तो माझा अपमान होता.

कारण तेव्हा मी नवीन झाकणाच्या मागे लागलो होतो. एका तेलवाल्या पार्टीला पुन्हा पुन्हा उघडून बंद करता येईल असं झाकण हवं होतं. अंगठ्यानं उघडायचं, तेल ओतायचं, दाबलं की टक् करून बंद. बाटली संपेपर्यंत थेंब गळता कामा नये. मी आत एक बारीक रिंग दिली, ती तेल ओतायच्या चोचीत घट्ट बसायची. टूलरूममध्ये आम्ही झाकण शेकडो वेळा उघडून मिटायचो, मग बाटली वर्तमानपत्रावर उलटी ठेवायचो. सकाळी कागद कोरडा. घरीही बाल्कनीत पाच-सहा बाटल्या उलट्या उभ्या असायच्या. आई त्यांच्यामधून साडी सावरत तुळशीला पाणी घालायला जायची. थेंब म्हणून गळत नव्हता.

तरी गावाकडचं कुणी परत निघालं की आई माझंच झाकण लावलेली बाटली काढायची, चोचीवर कागद ठेवायची आणि मग ते मिटायची. मी समोर असलो तरी. शेठ खूश, पार्टी खूश, आणि माझी आई माझ्या झाकणाखाली दुधाची पिशवी घालते! मला बाकी काही नको होतं. आईनं एकदा, फक्त एकदा, कागदाशिवाय बाटली बंद करावी, एवढीच माझी इच्छा होती. आता हसू येतं, पण तेव्हा त्यावरून मी ताटावरून उठलेलो आहे.

तशी वेळ आली धाकट्या बहिणीच्या बाळंतपणात. ती उरणला दिलेली. मेहुणे कंटेनरच्या यार्डात कामाला. आमच्या एका खोलीत बाळंतीण ठेवणार कुठे, म्हणून आईच महिनाभर तिच्याकडे राहणार होती. बाळाच्या मालिशीला गावचं तिळाचं तेल, आणि बाळासाठी दुपटी. ती दुपटी आईनं आबांच्या धोतराची शिवली होती. आबांचं तेवढं एकच धोतर तिनं जपून ठेवलेलं. सहा दुपटी निघाली. कडा हातानं दुमडून, बारीक टाक्यांनी शिवलेल्या.

निघायच्या दिवशी मी रजा काढली होती. पनवेलला उरणची बस पकडायची होती. मी पिशवी घेऊन दारात उभा आणि आई अजून देवापुढे. बहिणीसाठी माझ्या झाकणाच्या बाटलीत भरलेलं तेलच तिनं दिव्यात ओतलं, मग डब्यातून कागद काढला. मी म्हणालो, "आई, आज कागद नाही."

तिनं माझ्याकडे बघितलं. हातातला तुकडा बघितला. मग तो परत डब्यात टाकला आणि झाकण तसंच दाबलं. टक्.

खरं सांगतो, बढतीचं पत्र मिळालं असतं तरी मला एवढा आनंद झाला नसता. पनवेलला मी पिशवी स्वतः बसमध्ये चढवली आणि बस सुटेपर्यंत तिच्या खिडकीखाली उभा राहिलो. महिन्यानं ती परत आली तेव्हा मी आधी झाकणाचं विचारलं आणि मग भाच्याचं. "लई चांगलं हाय तुजं झाकण," एवढंच ती म्हणाली.

पुढे दोनेक महिन्यांनी पार्टीनं माल परत पाठवला. दुकानात बाटल्या ठीक होत्या, पण लोकांच्या घरी चार दिवसांत गळायला लागायच्या. आडव्या पडल्या की झाकण निसटायचं. शेठनी केबिनमधून एक तेलकट बाटली माझ्यासमोर आणून आपटली. "हे बघ काय करून ठेवलंस ते! पार्टी हातची गेली तर टूलरूमला टाळं लावीन, समजलं?" मी पुन्हा सगळ्या टेस्ट केल्या. सगळ्या पास. हे भूत कुठून आलं काही कळेना.

घरी आलो तो फणफणतच. आई लसूण सोलत होती. बोलून बोलून शेवटी मी म्हणालो, "तुझी बाटली एवढी उरणपर्यंत गेली, थेंब नाही सांडला. मग ह्यांचीच कशी गळते?"

आईनं आणखी दोन पाकळ्या सोलल्या. मग म्हणाली, "गळली हुती."

"काय?"

"गळली हुती बसमधी. समदं त्याल दुपट्यांवर. सोडा टाकून उकळून काढली म्या, पर पिवळं डाग काय गेलं न्हाईत."

मी आधी चिडलो, हे कबूल करतो. तेव्हाच का नाही सांगितलंस म्हणून ओरडलो. ती शांतपणे म्हणाली, "तू खिडकीखाली हुबा हुतास. तुजं त्वांड बगायला पायजे हुतं. कसं सांगू?"

आबांचं शेवटचं धोतर माझ्या हट्टापायी खराब झालं होतं, आणि माझा चेहरा पडू नये म्हणून तिनं दोन महिने ते पोटात ठेवलं होतं. मला इतकी शरम वाटली, की मी उठून बाल्कनीत जाऊन त्या उलट्या बाटल्यांकडे बघत उभा राहिलो.

आई मागून आली. "त्यात झाकणाचा एकट्याचा दोष न्हाई. मी पुसलं नव्हतं."

"काय पुसलं नव्हतं?"

"त्याल वतलं की कडंला थेंब ऱ्हातो की. रोज मी बोटानं पुसती. त्या दिशी तू दारात हुबा, घाई घाई."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. ती खरंच पुसायची. तेल ओतलं की बाटलीच्या कडेवरून बोट फिरवायचं आणि तो थेंब कोपराला नाहीतर टाचेला चोळायचा. मी रोज बघत होतो. आणि आम्ही टूलरूमची माणसं? आमच्या हातात कायम वेस्टच्या चिंध्यांचा बोळा. मशिन पुसायचं, साचा पुसायचा, हत्यार ठेवताना पुसायचं. तेल दिसलं की हात आपोआप जातो. प्रत्येक टेस्टला आम्ही बाटलीचं तोंड चकचकीत पुसून मगच झाकण मिटत होतो. लोक कुठे पुसतात? त्यांची पोळी तव्यावर असते. तो थेंब कडेला राहायचा, बाहेर ओघळायचा, तेलकट कडेवर रिंगची पकडच बसायची नाही. काखेत कळसा आणि मी तळोज्याला वळसा घालत होतो.

शेठ ऐकून म्हणाले, "मग काय, बाटलीबरोबर फडकं पण देऊ?" पण त्यांनी वेळ दिला. मी चोचीची कड पातळ केली, म्हणजे धार तिथे तटकन तुटावी. चोचीभोवती बशीसारखा उतार दिला आणि राहिलेला थेंब परत आत जावा म्हणून त्या बशीला एक भोक ठेवलं. पहिल्यांदा भोक पुढच्या बाजूला ठेवलं, तर ओतताना तेल तिथूनही यायला लागलं. मग ते मागे, बिजागरीच्या बाजूला नेलं. साचा तीनदा फोडून केला. टेस्टच्या टेबलाजवळ चिंध्या आणायला मी बंदी घातली. मोठी मोठी माणसं हात मागे बांधून उभी असायची.

सगळ्यात अवघड गेलं आईला. घरी टेस्टला तीच होती. "आई, पुसायचं नाही," म्हटलं की ती "न्हाई पुसत" म्हणायची आणि तेल ओतून झालं की बोट कडेवर गेलेलंच. शेवटी माझी लेक, तेव्हा बालवाडीत होती, आजीचा हात धरून बसायची. दोघी त्या थेंबाकडे टक लावून बघायच्या. थेंब उतारावरून घरंगळत भोकात गेला की लेक टाळ्या पिटायची. "गेला बग घरला," आई म्हणायची.

झाकण चाललं. पार्टी टिकली, टूलरूमही टिकली. आज कुठल्याही किराणा दुकानात गेलं की तशा बऱ्याच बाटल्या दिसतात. त्यातली आमची कुठली ते मला बरोबर कळतं, आणि मी ती उचलून निरखायला लागलो की बायको दुसरीकडे बघते.

आता तरी कागद सुटेल असं मला वाटलं होतं. बहिणीकडे पुन्हा तेल निघालं तेव्हा मी मुद्दाम किचनच्या दारात उभा राहिलो. आईनं नव्या झाकणाची बाटली भरली. कड बोटानं पुसली, कोपराला चोळली. आणि डब्यातून कागद काढला.

"आई, आता तर गळत नाही. तूच बघितलंस ना?"

"बगितलं की. लई झ्याक झालंय."

"मग?"

"आसू दे रं," ती म्हणाली आणि कागदावर झाकण दाबलं. मी पाय आपटत बाहेर गेलो. आई गेली त्याला आता काही वर्षं झाली. शेवटपर्यंत तिनं कागद सोडला नाही, आणि ती सल माझ्या मनात राहिली. एवढं केलं तरी आईनं पास केलं नाही, असं मी समजून चाललो.

आता आम्ही नावड्याला राहतो. मी रिटायर झालो. परवा लेक नोकरीसाठी बंगळुरूला गेली, पहिल्यांदाच घराबाहेर. बायको भाजणी, चटण्या भरत होती. तेल तिनं माझ्यावर सोपवलं. "झाकणवाले, एवढी एक बाटली भरा."

बाटली आमचीच होती, झाकण माझं. मी तेल भरलं. पुसायची गरज नाही हे जगात सगळ्यात जास्त मलाच माहीत आहे, तरी कडेवरून बोट फिरवलं आणि कोपराला चोळलं. झाकण दाबलं. टक्. बाटली उलटी करून बघितली. कोरडी ठणठणीत. ती मी लेकीच्या बॅगेत ठेवली, तिच्या नव्या कपड्यांच्या बाजूला. बॅगेची चेन ओढली.

मग उघडली.

टाइल्सवर दुधाची एक पिशवी वाळत होती. सकाळी मीच धुऊन चिकटवली होती. का, ते तेव्हा माझं मलाही कळलं नव्हतं. मी तिचा चौकोनी तुकडा कापला, झाकण उघडलं, कागद ठेवला आणि वरून दाबलं. आता टक् असा आवाज नीट येत नाही, कागद मध्ये येतो ना.

लेक मागे उभी होती. "बाबा, हे झाकण तुम्हीच केलंय ना?"

"हो."

"मग गळेल का?"

"नाही गळणार."

"मग कागद कशाला?"

आई इतकी वर्षं कशाला लावत होती ते मला त्या क्षणी कळलं. "असू दे गं," मी म्हणालो, आणि रबरबँड शोधायला लागलो.