गाडी गरम असताना

होळीच्या आधी आमची तुकडी राजस्थानातल्या छावणीत होती. मी वर्कशॉपचा हवालदार, व्हेईकल मेकॅनिक. सकाळी साडेपाचला गाड्या रांगेत लागायच्या. ड्रायव्हरने गाडी सुरू करून दाखवायची, मी आवाज ऐकायचा आणि पुढे सरकायचं. बारा गाड्या, चाळीस मिनिटं. आपल्याला आवाजावरून सगळं कळतं, असा माझा तेव्हा मोठा तोरा होता.

तीन नंबरची गाडी लान्स नाईक गोपाल राठोडकडे होती. मी राळेगावचा, तो फुलसावंगीजवळच्या तांड्यावरचा. एवढ्या फौजेत आपल्या जिल्ह्याचा माणूस सापडला की तो आपोआप घरचा होतो. आम्ही दोघं भेटलो की वऱ्हाडी सुरू व्हायची, बाकीचे तोंडाकडे बघत राहायचे.

"भाऊ, सकाळी बराबर सुरू होते," तो एकदा म्हणाला. "पण गरम झाली का नुसतं टक करते. स्टार्टर फिरतच नाही."

"बॅटरी पाह्यली?"

"फुल आहे."

असली तक्रार गरम गाडीवरच तपासावी लागते. इंजिन तापवायचं, बंद करायचं, पंधरा मिनिटं थांबायचं आणि मग मीटर लावायचा. मला कंटाळा आला, दुसरं कारण नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड गाडी पहिल्या किल्लीत सुरू झाली आणि मी जॉब कार्डावर लिहिलं, "चेक्ड. फिट."

आठवड्याने त्याने पुन्हा सांगितलं. या खेपेला मी त्याला वर्कशॉपमध्ये नेलं आणि युक्ती शिकवली. किल्ली चालू ठेवायची, खाली स्टार्टरवर हात घालायचा, जाड केबलचा बोल्ट आणि शेजारचं बारीक वायरीचं टोक, दोन्हींना एकदम पेचकस, म्हणजे स्क्रू ड्रायव्हर, टेकवायचा. स्टार्टर फिरला. गोपाल खूश. पेचकस माझा होता, तोही मी त्याला देऊन टाकला. गाडी न्यूट्रलमध्ये उभी होती. आधी न्यूट्रल बघ, हे मी त्याला सांगितलं नाही. चालत्या कामात तेवढंच राहून गेलं. गोपाल होळीच्या सुट्टीवर घरी गेला आणि वेळेवर परत आला.

मे महिन्यात आम्ही फायरिंग रेंजवर गेलो. एका सकाळी अकरा दहाला वायरलेस सेटवर त्याचा आवाज आला.

"थ्री फॉर वर्कशॉप. भाऊ, गरम झाली. सुरू होऊन नाही राह्यली. ओव्हर."

"पेचकस लाव ना बे. ओव्हर."

"रॉजर."

आमचा ऑपरेटर दक्षिणेकडचा. त्याच्या लेखी आम्ही गावाकडच्या गप्पा मारत होतो. अकरा वीसला सेटवर दुसराच आवाज आला, "थ्रीवर मेडिकल पाठवा. ताबडतोब."

गाडी चढावर उभी होती आणि नियमाप्रमाणे पहिल्या गिअरमध्ये होती. गोपालने पुढच्या चाकासमोर वाकून पेचकस लावला. गरम इंजिन लगेच सुरू झालं आणि गाडी त्याच्या अंगावर गेली. मी पोचलो तेव्हा तो गेला होता.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मेजर साहेबांनी विचारलं, "गाडीची तक्रार होती?"

"नाही, सर. फिट होती."

"हे त्याला कोणी शिकवलं?"

"माहीत नाही, सर."

निष्कर्ष निघाला, ड्रायव्हरचा निष्काळजीपणा. शवपेटी घेऊन तांड्यावर मीच गेलो आणि गाडी अंगावर गेली, एवढंच सांगितलं. त्याचे वडील हिरामण राठोड यांनी मला पाण्याचा तांब्या दिला. मी ते पाणी प्यायलो, याची आजही लाज वाटते. चौकशी संपून गाडी माझ्याकडे आली तेव्हा त्या बारीक वायरीच्या जोडावर गंज सापडला. पॉलिश पेपरने घासून जोड घट्ट केला. दहा मिनिटं लागली. इंजिन तापवून पाच वेळा सुरू करून पाहिली, पाचही वेळा सुरू झाली. मी गाडीखाली पडून रडलो आणि बाहेर येऊन गप्प राहिलो.

रिटायर झाल्यावर मी लोहाऱ्याला गॅरेज टाकलं. गरम गाडीची तक्रार आली की मी आधी गाडी तापवतो. गिऱ्हाईक कुरकुरतं, तरी बसवून ठेवतो. गेल्या उन्हाळ्यात, दुपारी दोनला एक जीप आली. चालवणारा तिशीचा, शेजारी म्हातारे हिरामण राठोड. त्यांनी मला ओळखलं नाही.

"काका, गरम झाली का सुरू नाही होत," पोरगा म्हणाला. गोपालचा धाकटा भाऊ, विजय; शवपेटी नेली तेव्हा मी त्याला पाहिलं होतं. मी त्याला इंजिन बंद करून थांबायला सांगितलं आणि मीटर आणायला आत गेलो. परत आलो तर तो पेचकस घेऊन चाकासमोर वाकलेला.

"न्यूट्रल!" मी ओरडलो. "हात काढ!"

तो दचकून मागे सरला. मी आत हात घालून गिअर पाहिला. पहिला होता.

"कोणं शिकवलं तुले हे?"

"गोपालदादानं. होळीले आलता तवा."

मी म्हाताऱ्यासमोर खालीच बसलो. "काकाजी, गोपालले हे मी शिकवलं. गाडीची तक्रार त्यानं मले दोनदा सांगतली होती, मी पाह्यली नाही. अन् साहेबाले मी खोटं सांगतलं."

हिरामणकाका म्हणाले, "त्याची याडी अजून त्यालेच बोलते. म्हणते, माह्या पोराचं ध्यान कुठं होतं? हे मी नाही सांगत तिले. तुम्ही चला."

मी जीपचा जोड घासला, गरम गाडी तीनदा सुरू करून पाहिली आणि तिच्यातच बसलो. सहाला तांड्यावर पोचलो. गोपालच्या आईने सगळं उभ्यानेच ऐकलं.

"त्यानं सांगतलं होतं?" तिने विचारलं.

"हो. दोनदा."

"मंग तू काहून नाही ऐकलं?"

 ती आत गेली, गोपालचा फोटो पदराने पुसून घेऊन आली आणि ओट्यावर मांडीवर घेऊन बसली. मला कोणी पाणी विचारलं नाही.

युनिटला मी पत्र लिहिलं आहे, माझ्या नंबर आणि रँकसह. त्यातलं पहिलं वाक्य असं आहे: तीन नंबरची गाडी गरम असताना सुरू होत नाही, ही तक्रार लान्स नाईक गोपाल राठोड याने वेळेवर केली होती.