कोबीवालीच्या किंकाळ्या

भाजीवाला तिला एकदा म्हणाला होता, "बाई, आठवड्याला अकरा कोबी? घरात ससे पाळलेत की काय?" ससे कुठले! मोबाइलवर फुकट खेळायचे मारधाडीचे गेम काढणाऱ्या एका कंपनीला ही बाई घरी बसून आवाज पुरवायची. कोबीवर मोगरी हाणली की डोकं फुटतं, मुळा मोडला की हात मोडतो, ओलं फडकं फरशीवर आपटलं की थोबाडीत बसते. बायकांच्या किंकाळ्याही तिच्याच. पुरुषांचं ओरडणं कंपनीतला शिपाई ऑफिसातच करून द्यायचा. इमारतीत तिचं नावच कोबीवाली पडलं.

ही विद्या तिला कुणाकडून शिकावी लागली नव्हती. सात वर्षं नवऱ्याचा मार खाल्ला होता. बरगडीवर बसलेला ठोसा कोणता आणि गालावरचा कोणता, हे तिने झोपेतही सांगितलं असतं. दोन वर्षांपूर्वी ती नेसत्या वस्त्रानिशी निघाली आणि इथे आली. पत्ता सख्ख्या भावालाही दिला नाही.

पहिल्याच महिन्यात खालच्या काकूंनी घाबरून पोलीस बोलावले. पोलिसांना सापडला फुटका कोबी. सगळ्यांची हसून मुरकुंडी वळली. मग तिनेच दारोदार जाऊन सांगितलं, "धपाधप ऐकू आलं, मी ओरडले, तरी लक्ष देऊ नका हं. पोटापाण्याचा धंदा आहे." शेजारी भले, त्यांनी शब्द पाळला.

कंपनीचा गेम सुरू होईपर्यंत मोबाइलच्या पडद्यावर विज्ञानातल्या नवलाच्या बातम्या सरकत. खेळणारे त्यांच्याकडे ढुंकून बघत नसत, ही मात्र आपले आवाज तपासायला गेम उघडला की चवीने वाचायची. त्या दुपारी कोळंबीसारख्या दिसणाऱ्या एका वीतभर जीवाची बातमी होती. तो हात आवळून अडकवून धरतो आणि एकदम सोडतो. त्या ठोशाने शिंपले फुटतात, कधी टाकीची काचसुद्धा तडकते. "शाबास रे वीतभर!" ती म्हणाली. माईक सुरू केला, मोगरी उचलली आणि बेल वाजली. भाजीवाला असेल म्हणून तिने मोगरी टेबलाखाली सरकवून दार उघडलं.

दारात नवरा होता.

"तुझं ओरडणं मी ओळखणार नाही होय?" तो आत येऊन दार लावत म्हणाला. "त्या गेममध्ये तीनशे वेळा मारलंय मी तुला. मग कंपनीत गोड बोलून पत्ता काढला."

पहिली थप्पड तिला भिंतीवर घेऊन गेली. दुसऱ्या फटक्याला ओठ फाटला. त्याने केस धरून तिचं डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं, पोटात लाथा घातल्या. ती जिवाच्या आकांताने ओरडली. खाली काकूंनी टीव्हीचा आवाज वाढवला. जिन्यातून जाता जाता कुणीतरी हसून म्हणालं, "आज काम जोरात आहे!"

कुणी येणार नाही, हे तिला तेव्हा कळलं. आपणच आपली वाट बंद करून ठेवली होती. ती ओरडायची थांबली. टेबलाखाली हात घातला. मोगरी सापडली. मूठ आवळून ती पडून राहिली, आणि लाथेसाठी त्याचा पाय उचलला गेला तसा तिने सगळा जोर दुसऱ्या गुडघ्यावर सोडला. मुळ्याचा आवाज असा कधीच आला नव्हता.

तो गुरासारखा ओरडला.

आणि अख्खी इमारत धावत आली! दार लाथांनी उघडलं. सगळ्यांत पुढे काकू. "अहो, काय झालं तुम्हाला?" त्या त्याच्यावर वाकल्या आणि मग त्यांना ती दिसली. "अगं बाई! आम्हाला वाटलं तुझं काम चाललंय. पुरुषाचा आवाज आला म्हणून धावलो गं!"

माईक चालूच होता. पोलीस आल्यावर तिने सगळं पहिल्यापासून ऐकवलं. तिच्या एकोणीस किंकाळ्या झाल्या, मग त्याची एक. खोलीत कुणी मान वर केली नाही.

"तूच सांगितलं होतंस ना, लक्ष देऊ नका म्हणून," काकू रडत म्हणाल्या.

"हो, मीच सांगितलं होतं." फुटक्या ओठातून तिला नीट बोलताही येत नव्हतं. "आता दुसरं सांगते. मी ओरडले की यायचं. दर वेळी कोबी सापडला तरी यायचं."