व्याह्यांना सोळाचा कर्णा

आमच्या फुवांइतका, म्हणजे आत्याच्या यजमानांइतका, दुसऱ्याचा मान जपणारा माणूस अख्ख्या शहादा तालुक्यात झाला नाही आणि त्यांच्याइतके रुसवेही कुणी ओढवून घेतले नाहीत. चार पाहुणे आले, तर कुणाला आधी आणि कुणाला नंतर असं वाटू नये म्हणून ते चारही कपांत घोट घोट चहा ओतत फिरायचे. कप भरेपर्यंत चहा गार व्हायचा, पण सगळ्यांना सारखाच गार मिळायचा, याचं त्यांना भारी समाधान. बैलजोडीपुढे सरकीच्या ढेपेची दोन घमेली एकदमच ठेवायचा त्यांचा आग्रह असे. त्या भरात एकदा स्वतःच गव्हाणीत पडले.

अशा माणसाला लाऊडस्पीकरचा नाद लागावा, हे आमचं नशीब. सुरतेहून त्यांनी बॅटरीवर चालणारं एक जुनं मशीन आणलं आणि कुठून कुठून दोन कर्णे मिळवले. एकाच्या पाठीवर आठ ओहम लिहिलेलं, दुसऱ्याच्या सोळा. ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा, हे मलाही फार पुढे कळलं. फुवांनी तो आकडा सरळ दर्जा मानला. त्यामुळे एकुलत्या एका मुलीच्या लग्नात कुठला कर्णा कुठे, याचा त्यांना विचारच करावा लागला नाही.

"याहीले सोळाना लावा, आपले आठनाच बस शे."

व्याह्यांचं वऱ्हाड उतरलं होतं त्या जानोशावर सोळाचा चढला, मांडवावर आठाचा. दोघांच्या तारा शेजारी शेजारी एकाच मशीनला. सनईची तबकडी लागली आणि आमचा कर्णा असा गरजला की शेजारच्या लोणखेड्यापर्यंत आवाज जावा. जानोशात नुसती कुरकुर. मुलाचे वडील तरातरा आले.

"आमना कर्णा वाजी ऱ्हायना, का मच्छर गुणगुणी ऱ्हायना?" आता वऱ्हाड जागचं हलणार नाही, असंही सुनावून गेले.

आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "पोरले सासरमा जलमभर हाई ऐकनं पडी."

कर्ण्यांची अदलाबदल करा, मी सुचवलं. फुवांनी कानांवर हात ठेवले. व्याह्यांना आठाचा? त्यापेक्षा त्यांनी जोडणीच बदलली आणि एका कर्ण्यातून निघालेली तार दुसऱ्यात ओवली. लगेच सोळाचा गरजू लागला आणि मांडव पुटपुटू लागला. व्याही खुलले, वऱ्हाड निघालं. इकडे फुवांचे सख्खे भाऊ तोंड फुगवून मांडवाबाहेर जाऊन बसले.

फुवांनी मुलीसाठी स्वतः मंगलाष्टक रचलं होतं आणि ते मायक्रोफोनवर म्हणायचं, एवढीच त्यांची हौस होती. ते उभे राहिले आणि नेमका कुणाचा तरी पाय जानोशाच्या तारेत अडकला. तार तुटली, दोन्ही कर्णे एकदम मुके झाले. एका तारेत ओवलेल्यांचं तसंच होतं.

मुहूर्त थांबेना. फुवा तसेच म्हणू लागले. त्यांचा खरा आवाज इतका बारीक असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं. ऐकायला म्हणून व्याही पुढे सरकले, रुसलेले भाऊ आत आले, पोरांना गप्प केलं गेलं. तिसऱ्या ओळीत मुलीचं नाव होतं. तिथे फुवांचा आवाज अडला तो अडलाच.

व्याह्यांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "म्हना, याही. आमले बराबर ऐकू ई ऱ्हायनं."

फुवांनी नाव घेतलं. मी शेजारी होतो, तरी मला ते ऐकू आलं नाही. अंतरपाटामागे तिला आलं असावं, कारण ती रडू लागली.