रुमालाखालचा करार

'करीन' हा शब्द एकदाही तोंडातून बाहेर पडू न देता अख्खी नोकरी रेटणारा माणूस मी जन्मात एकच पाहिला, आणि माझं नशीब असं की नेमका त्याच्याशीच मला सौदा करायची पाळी आली. शहाद्याच्या विकास कार्यालयात हे भाऊसाहेब मसुदे लिहायचे. सरकारी खातं आणि गावची सोसायटी किंवा एखादं मंडळ मिळून काही काम करणार असलं, की दोघांच्या मधला कागद ते तयार करत. त्या कागदाचा गुण एकच, त्याने कोणीही बांधलं जात नसे. 'देईल'च्या जागी 'देण्याचा मानस आहे', 'करील'च्या जागी 'करणे इष्ट वाटते'. 'शक्यतो' आणि 'यथावकाश' हे त्यांचं तिखट-मीठ. शेवटी ठरलेलं वाक्य असे, 'या कागदाने उभय पक्षांवर कोणतेही बंधन येत नाही.' ते लिहून झालं की पोरीची पाठवणी सुखरूप पार पडल्यासारखा त्यांचा चेहरा होई.

घरीही तीच तऱ्हा. वहिनींनी पानं वाढल्याचं सांगितलं की आतून उत्तर यायचं, "येण्यास हरकत दिसत नाही." सत्यनारायणाचं बोलावणं द्यायला आले तेव्हा दारातच म्हणाले, "सोयीनुसार यावं, आग्रह आहे असं समजू नये." मी गेलो, तर प्रसाद भरपूर आणि माणसं तुरळक. भाड्याच्या गाडीवर मिरच्या वाहून मी कापसाच्या दलालीपर्यंत पोचलेलो. बाजारात हे गृहस्थ वांगेवालीने सांगितलेला भाव निमूट देत, ते पाहून माझ्या अंगाची आग व्हायची. मात्र कापसाचा सौदा चालू झाला की ते माझ्या गादीशेजारी येऊन बसत. दोन व्यापारी हातांवर रुमाल टाकतात, खालून बोटं दाबून भाव ठरवतात, आणि हात सुटला की सौदा पक्का, हे ते नाटक पाहावं तसं पाहायचे. एकदा हळूच म्हणाले, "शेठ, यात कागद कुठेच येत नाही?"

"कागद कसाले पाहिजे? हात शे ना," मी म्हणालो. त्यांनी मान हलवली, पण पटल्याचं काही कबूल केलं नाही.

तर सौदा असा होता. आमच्या कळसाडीला बाळंतपणाला कोणी नव्हतं. अडलेल्या बाईला बैलगाडीत घालून शहाद्याला न्यायचं. माझी धाकटी भावजय त्या वाटेवरच गेली. म्हणून सोसायटीच्या वतीने मी बोललो, खोली गाव बांधेल, नर्सबाई खात्याने द्यावी. भाऊसाहेबांनी लिहिलं, 'परिचारिका उपलब्ध झाल्यास पाठविण्याचा विचार केला जाईल.' माझं डोकंच फिरलं. "भाऊसाहेब, हाऊ कागद शे का धुकं शे? 'पाठवेल' असं लिखा." ते शांतपणे टाक पुसत म्हणाले, "शेठ, दोघांना बांधलं की दोघंही दोरी तोडायला बघतात. मोकळं ठेवलं तर निदान लाजेने तरी उभे राहतात." मी सही केली ती दात-ओठ खाऊन. गावाने खोली बांधली, चुना लावला, दाराला सागवान घातलं. नर्सबाई आली नाही. खात्याला लाज आली असेल, तर ती टपालात अडकली असावी.

आले ते उद्घाटनाला धुळ्याचे मोठे साहेब. हार तयार, बायाबापड्या जमलेल्या, आणि दाराला कुलूप. किल्ली माझ्या खिशात. साहेब म्हणाले, "उघडा." मी म्हणालो, "साहेब, उघडण्याचा मानस आहे. नर्स उपलब्ध झाल्यास विचार केला जाईल. त्या कागदाने गावावरही बंधन येत नाही." साहेब लालबुंद झाले. मागून आमचा काका कुजबुजला, "आबा, उघडी टाक ना दार आते, मोठा माणूस शे." मी हललो नाही. आजही हलणार नाही.

तेव्हा भाऊसाहेब गर्दीतून पुढे आले. खिशातला शाईचे डाग पडलेला रुमाल झटकला आणि माझ्या हातावर टाकला. "हा काय तमाशा?" साहेब ओरडले. "तमाशा म्हणता यावा असं काही नाही, साहेब," असं म्हणत त्यांनी रुमालाखाली माझं एक बोट धरलं. आठवड्यातून एक दिवस. मी झटकलं. दोन धरली, तीही झटकली. सगळं गाव श्वास रोखून रुमालाकडे बघत होतं, कारण खाली काय चाललंय ते आमच्याकडच्या पोरालाही कळतं. चार बोटांवर त्यांचा हात थांबला. घामेजलेला कारकुनी हात, पण त्याने सोडलं नाही. त्या हाताला खात्याचा काडीचा अधिकार नव्हता, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. मी किल्ली काढली.

नर्सबाई आली. धुळ्याला किती खेपा घातल्या, कोणापुढे हात जोडले, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. आठवड्यातले चार दिवस ती आमच्या खोलीत असे, आणि आमच्या बाया गाडीत मरायच्या थांबल्या. कागदात मात्र शेवटपर्यंत 'विचार केला जाईल' एवढंच राहिलं. साहेब तो तमाशा विसरले नाहीत. पाऊस संपायच्या आत भाऊसाहेबांची पार कोकणात बदली झाली. माझा राग आहे तो त्यावर, आणि तो मी कोणासाठी आवरणार नाही.

एसटीच्या खिडकीशी उभा राहून मी विचारलं, "भाऊसाहेब, परत येशात ना?" त्यांनी रुमाल काढला, खिडकीतूनच माझ्या हातावर टाकला आणि एक बोट घट्ट दाबलं. मग गाडी सुटली.

लोक म्हणतात, एवढ्या वर्षांनी कोण येतो, असतील की नाही कोण जाणे. म्हणोत. बाजाराच्या दिवशी माझ्या गादीशेजारची जागा मी अजून कोणाला बसू देत नाही. त्यांनी बोट दाबलं होतं, आणि रुमालाखालचा सौदा आमच्याकडे कोणी मोडत नाही.