अ‍ॅव्हरेज पडत गेलं तेव्हा

गाडी बायकोच्या नावावर होती आणि चालवायचीही तीच. मला गाडी चालवता येत नाही, येणारही नाही. माझ्या डोळ्यांचे पडदे तरुणपणापासून कडेकडेने निकामी होत आलेत. समोरचं दिसतं, पण पाइपातून बघितल्यासारखं. त्यामुळे लालबागहून मीरा रोडला राहायला आल्यापासून स्टीअरिंग तिच्या हातात आणि पिशव्या माझ्या मांडीवर, अशी वाटणी ठरून गेली होती. मूलबाळ नाही. घरात आम्ही दोघंच.

ती ठाण्याला एका इंजिनीअरिंग कंपनीत अकाउंट्स सांभाळायची. रोज घोडबंदर रोडने जाणं-येणं. जुन्या गाडीत घाटाच्या चढावर तासन् तास क्लच दाबून तिचा डावा गुडघा धरायचा. म्हणून तिने हायब्रिड घ्यायची ठरवली. क्लच नाही, गियर नाही, डाव्या पायाला कायमची सुट्टी.

शोरूममधला पोरगा म्हणाला, "मॅडम, लिटरला अठ्ठावीस देते."

"कुठे?"

"टेस्टिंगमध्ये, मॅडम."

"टेस्टिंग घोडबंदरला केलं होतं का?"

तो हसला. तरी तिने गाडी घेतलीच.

पहिल्या महिन्यात अठराच्या वर आकडा गेला नाही. दुसरं कुणी असतं तर शोरूमला शिव्या घालत बसलं असतं. हिने मात्र गाडी शिकून घ्यायचं मनावर घेतलं. या गाडीत पेट्रोलचं इंजिन आणि विजेची मोटर अशी दोन्ही असतात. हळू चालवली की मोटरवर चालते, इंजिनाचा आवाजही येत नाही. आणि पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला की फिरत्या चाकांची ताकद बॅटरीत परत जमा होते. म्हणजे सगळी मेख पाय कधी उचलायचा यात. पुढे सिग्नल लाल दिसला की लांबूनच उचलायचा, गाडीला आपली आपण मंद होऊ द्यायचं, ब्रेक अगदी शेवटी आणि अलगद. तिने हे सगळं व्हिडिओ बघून, चुकत चुकत आत्मसात केलं.

स्क्रीनवर बाणांचं एक चित्र असायचं. शनिवारी-रविवारी मी बाजूला बसलो की ते वाचणं माझं काम. तेवढं मला नीट दिसायचं.

"बाण कुठे चाललाय?"

"चाकाकडून बॅटरीकडे."

"मग शाबास म्हण."

मी शाबास म्हणायचो. ती खरंच खूश व्हायची. एकदा ठाण्याहून येताना तेवीस आलं, तर घरी येऊन चपला काढायच्या आधी तिने ते सांगितलं. केबिन रोडला भाजीला जायचं तर मात्र ती गाडी काढायची नाही. "एवढ्याशा अंतरात इंजिन गरम होईपर्यंत आपण पोचतो, चौदाच येतं," म्हणायची, आणि आम्ही शेअर रिक्षाने जायचो. शेजारच्या बायका तिला हसायच्या. मला ते आवडायचं. पन्नाशी ओलांडलेल्या बाईला रोज संध्याकाळी जिंकता येईल असं काहीतरी हवंच असतं.

दुसऱ्या वर्षी आकडा उतरायला लागला. बावीसचं एकवीस झालं, मग वीस. उन्हाळा आहे, एसी लागतो, असं ती म्हणाली. पाऊस येऊन गेला, हवा थंड झाली, तरी अठरावर आला. खालच्या मजल्यावरचे गुजराती काका म्हणाले, "भाभीजी, आजकल पेट्रोल में मिलावट है, सबका गिर गया है." तिने पंप बदलला. टायरमधली हवा तपासून घेतली. डिकीत पडलेली जुनी छत्री, पाण्याचे कॅन, माझे वजनदार बूट, सगळं वर आणून टाकलं. आकडा सतरावर आला.

काशिमीऱ्याच्या बाजूला सर्व्हिस सेंटर होतं. तिथे पहिल्या खेपेला त्यांनी मागच्या सीटखालची बॅटरीच्या पंख्याची जाळी साफ केली. धूळ बरीच निघाली. तिला फार बरं वाटलं, कारण सापडलं म्हणून. फरक काहीच पडला नाही. दुसऱ्या खेपेला त्यांनी गाडी दिवसभर ठेवून घेतली आणि सांगितलं, सगळं ओके आहे. तिसऱ्या खेपेला ती भांडायच्या तयारीने गेली. मीही बरोबर होतो.

"तुम्ही माझ्याबरोबर चला," ती सुपरवायझरला म्हणाली. "आधी तुम्ही चालवा, मग मी चालवते. रस्ता तोच, एसी तेवढाच. मग मला सांगा ओके काय आहे ते."

सुपरवायझर तिशीतला, शांत माणूस. तो तयार झाला. आम्ही घोडबंदर रोडवरच्या चेण्यापर्यंत गेलो आणि परत आलो. त्याने चालवली, ती बाजूला बसली, मी मागे. परत आल्यावर स्क्रीनवर चोवीस होतं. मग ती बसली. तोच रस्ता, दुपारची तीच वर्दळ. परत आलो तेव्हा सोळा.

गाडी थांबवून ती आकड्याकडे बघत राहिली. सुपरवायझर जरा अवघडला. मग म्हणाला, "मॅडम, एक बोलू? रागावू नका. तुम्ही पाय लवकर सोडत जा ना. शेवटपर्यंत दाबून ठेवताय आणि मग एकदम ब्रेक मारताय. चार्जिंगला गाडीला वेळच मिळत नाही."

"मी लवकरच सोडते," ती म्हणाली.

तो दार उघडून खाली उतरला.

"सोडते मी," ती पुन्हा म्हणाली. पण या वेळी ती त्याला सांगत नव्हती.

घरी येताना तिने हायवेच्या कडेला, सर्व्हिस रोडवर गाडी घेतली. चारही इंडिकेटर लावले. मला वाटलं, रडणार आता. तिने उजव्या पायातली चप्पल काढली.

"मी त्याला सांगते उचल म्हणून," ती म्हणाली. "वेळेवरच सांगते. तो उशिरा ऐकतोय. हात लावून बघ."

मी वाकून तिच्या पावलावर हात ठेवला. तिने बोटं वर उचलायचा प्रयत्न केला. स्नायू आत कुठेतरी थरथरले, पाऊल तिथेच राहिलं. मग तिने डावं पाऊल करून दाखवलं. ते सहज वर आलं.

"कधीपासून?"

"माहीत नाही. मला वाटत होतं, गाडीत काहीतरी आहे."

आणि मग एकेक आठवायला लागलं. उजवी चप्पल जिन्यात निसटायची. सोसायटीच्या पायरीला ती दोनदा ठेचकाळली होती आणि आम्ही पायरीला दोष दिला होता. गाडीचा आकडा महिनोन् महिने सांगत होता आणि आम्ही पेट्रोल बदलत होतो.

नंतरच्या तपासण्या मी लिहीत नाही. सुया टोचून स्नायूंचा वीजप्रवाह बघतात, त्यात ती दातावर दात ठेवून पडून राहिली. मुंबईतल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी सगळे रिपोर्ट पुढे ठेवून आम्हाला बसवलं. आजाराचं नाव मोटर न्यूरॉन. मेंदूकडून स्नायूंकडे निरोप नेणाऱ्या नसा मरत जातात. आधी पाय, मग हात, मग जीभ, गिळणं, श्वास. क्रम थोडा मागेपुढे.

"औषध?" मी विचारलं.

"एक आहे. ते थांबवत नाही. थोडं लांबवतं."

बायको म्हणाली, "इथेही मोटरच निघाली." डॉक्टरीणबाईंना ते कळलं नाही. मग तिने विचारलं, "गाडी चालवू का?"

"नको."

"कधीपासून नको?"

"आज कशाने आलात?"

"गाडीने. मीच आणली."

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट फाइलमध्ये घातले. "जाताना कुणालातरी बोलवून घ्या," म्हणाल्या.

आम्ही फोन करून दिवसाच्या भाड्यावर एक ड्रायव्हर मागवला. तो येईपर्यंत हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये बसलो. सर्व्हिस सेंटरची ती एक फेरी सोडली, तर त्या दिवशी पहिल्यांदा ती स्वतःच्या गाडीत डाव्या सीटवर बसली. दहिसरच्या नाक्यावर रांग होती.

हॉस्पिटलला जायचं असलं की पुढेही तोच ड्रायव्हर यायचा. चांगला माणूस होता, पण गाडी झटके देत हाकायचा. सुरुवातीला तिची नजर स्क्रीनवर असायची.

"दादा, सिग्नल लाल झालाय ना पुढे. मग आताच पाय सोडा."

"हो हो, ताई," तो म्हणायचा आणि थेट पुढच्या गाडीच्या मागे जाऊन ब्रेक मारायचा. तिने काही खेपा सांगून बघितलं. मग एका सकाळी हात लांबवून तिने बाणांचं चित्र घालवलं आणि तिथे घड्याळ लावलं. हातात तेवढी ताकद तेव्हा अजून होती.

कंपनीने काही महिने घरून काम दिलं. मग बोटांनी कीबोर्ड दाबवेना, तेव्हा तिने राजीनामा मला टाइप करायला लावला. काठी आली, मग व्हीलचेअर. वसईच्या एका वैद्यांचं तेल लावलं. कुणीतरी सांगितलं म्हणून कर्जतला एका आश्रमात राहून आलो. तिथल्या बाई म्हणाल्या, मनात विश्वास हवा. परत येताना बायको म्हणाली, "विश्वास मनातच राहतो रे. खाली पायापर्यंत उतरत नाही." तिचं बोलणं तेव्हा जड व्हायला लागलं होतं. शब्द तोंडातच रेंगाळायचे.

माझे डोळेही मागे राहिले नाहीत, दिसणं आणखी आक्रसलं. तिला भरवताना चमचा दिसला तर तोंड दिसत नाही, तोंड दिसलं तर चमचा दिसत नाही. वरण तिच्या हनुवटीवर सांडतं. आता एक बाई सकाळी येते आणि दुपारी जाते. बाकीचा दिवस आमचा आम्ही भागवतो.

गाडी इमारतीखाली स्टिल्ट पार्किंगमध्ये पडून राहिली आणि तिची छोटी बॅटरी उतरली. दरवाजाही उघडेना. मेकॅनिक आणून ती चालू करून घेतली तेव्हाच आम्ही विकायचं ठरवलं. तिनेच ठरवलं. मी फक्त हो म्हटलं.

नायगावहून एक तरुण जोडपं बघायला आलं. नवरा ठाण्याला नोकरीला होता, रोज घोडबंदरनेच जाणार होता. माझी बायको व्हीलचेअरवर खाली आली होती. त्याने गाडीभोवती फेरी मारली, बॉनेट उघडून बघितलं, मग मला विचारलं, "काका, कंपनी काय सांगते ते सोडा. खरं अ‍ॅव्हरेज किती देते?"

मी उत्तर द्यायच्या आत ती बोलली. त्याला काही कळलं नाही. त्याने माझ्याकडे बघितलं. तिने पुन्हा सांगितलं, सावकाश, मान पुढे करून.

"ट्रॅफिकमध्ये बावीस म्हणतेय," मी सांगितलं. "एसी लावला तर वीस. जवळच्या जवळ नेलीत तर चौदा."

ती आणखी काहीतरी बोलली. या खेपेला मलाही कळलं नाही. मी खाली वाकलो, कान तिच्या तोंडाजवळ नेला. तिने परत प्रयत्न केला. पाय, एवढाच शब्द मला कळला, पुढचं काही नाही. तिसऱ्यांदा तिने प्रयत्न केला नाही. मान मागे टेकवली आणि डोळे मिटले.

"काही खास नाही," मी त्या मुलाला म्हणालो. "हळूहळू कळेल तुम्हाला."

त्याच्या बायकोने व्हीलचेअरकडे बघितलं आणि हळूच त्याची बाही ओढली. भाव त्यांनी फारसा पाडला नाही. पुढच्या रविवारी कागदपत्रं झाली आणि गाडी गेली. आमच्या जागेत आता खालच्या गुजराती काकांच्या नातवाची स्कूटर असते. त्यांनी विचारून लावली, मी हरकत घेतली नाही.

गेल्या महिन्यापासून तिला पाणीही गिळताना ठसका लागतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जेवणासाठी पोटात नळी घालावी लागेल, आणि त्यानंतर लवकरच श्वासाच्या मशीनचं ठरवावं लागेल. ठरवायचं तिने. बोलता येत नाही, म्हणून आमचं ठरलंय. डोळे एकदा मिटले तर हो, दोनदा मिटले तर नको. मी तिच्या चेहऱ्याच्या अगदी जवळ जाऊन बसलो, म्हणजे मला दोन्ही डोळे दिसतील असा.

नळीचं विचारलं. तिने दोनदा मिटले.

माझी काही चूक होऊ नये म्हणून मी पुन्हा विचारलं. पुन्हा दोनदा.

मशीनचंही तेच.

गुरुवारी हॉस्पिटलला जायचंय. टॅक्सी सांगून ठेवलीय. डॉक्टरीणबाईंना तसं सांगायचं आणि परत यायचं.