नाल्यातला पाय

त्या प्रकरणाचा विषय निघाला की मला आधी आठवतो तो माझा उजवा बूट. पोलीस खात्यात उभा जन्म गेला, पण तपासाच्या कामी बूट-मोजा काढून उघडा पाय डॉक्टरांच्या टेबलावर ठेवायची वेळ एकदाच आली.

महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. माझं ठाणं सातपुड्याच्या पायथ्याशी होतं. सकाळची हजेरी चालू असताना सोनाळ्याच्या बाजूच्या एका गावचा पोलीस पाटील धापा टाकत आला. "साहेब, नाल्यात मानसाचा हात अन् पाय सापडला. कुत्र्यानं उकरून काढला."

स्टेशन डायरीत नोंद करून मी जमादारांना घेऊन निघालो. नाल्याच्या काठी अर्धं गाव जमलं होतं. कोपरापासून खाली एक हात, गुडघ्यापासून खाली एक पाय. कातडी कुठेच नाही. पोटरीचं मांस वाळून हाडाला चिकटलेलं, टाच शाबूत, बोटं पाच, पण प्रत्येक बोटाचं शेवटचं पेर गायब. जमादार माझ्या कानाशी लागले, "आरोपी लई हुशार दिसते साहेब. ओळख पटू नये म्हनून बोटाची टोकं छाटली."

आरोपी कोण, हे गावाने केव्हाच ठरवून टाकलं होतं. गावातल्या एका तरुण शेतकऱ्याची बायको बरेच दिवस दिसत नव्हती. तो सगळ्यांना सांगे, माहेरी गेली. मग तिचा बापच लेकीला भेटायला आला आणि बिंग फुटलं. ती बेपत्ता असल्याची नोंद आमच्याकडे होतीच.

पंचनामा चालू असताना हा बाप आला. म्हातारा माणूस. तो पायाशेजारी मटकन बसला. "हा माह्या लेकीचाच पाय आहे. लहानपनी याच पायाले तेल चोळलं म्या." आता अशा बापाला कोण म्हणणार, की बाबा, नीट बघून सांग? ओळख पटली असं लिहिलं गेलं आणि पंचांनी खाली सह्या केल्या.

नवऱ्याला ठाण्यात आणलं. चौकशीत माझी एक रीत होती, आधी पाणी, मग प्रश्न. पाणी प्यायल्यावर घसा कोरडा पडल्याचं सोंग करता येत नाही.

"बायको माहेरी गेली असं का सांगितलंस?"

"लाज वाटली साहेब. बायको घर सोडून गेली, हे सांगू कोन्या तोंडानं?"

"भांडण झालं होतं?"

"हाव. एक थापड मारली. मारली, खोटं नाही सांगत. पन जीव नाही घेतला."

"थापड कशापायी?"

"तिले अमडापूरले मावशीकडं जायचं व्हतं. तिच्या बापाचा अन् त्या मावशीचा अबोला आहे. म्या म्हनलं, मले मंधात काऊन घालतं?"

मी बापाला विचारलं. तो ताडकन म्हणाला, "त्या घराची पायरी माही लेक चढनार नाही!" मावशीचा विषय तिथेच संपला.

थापडीची कबुली, आधी मारलेली थाप आणि बापाने ओळखलेला पाय. एवढ्यावर माणूस फासापर्यंत जाऊ शकत होता. नवरा कोठडीत भिंतीला टेकून बसे, भाकरीला हात लावत नसे. तिकडे गावात कुजबुज सुरू झाली, की क्रिया झाली नाही तर पोरीच्या जीवाला गती नाही. नवरा कोठडीत, पोटी लेकरू नाही. शेवटी बापानेच डोकं भादरून नदीवर लेकीची क्रिया केली.

मुद्देमाल सीलबंद करून बुलढाण्याला सरकारी डॉक्टरांकडे पाठवला होता. त्यांचं बोलावणं आलं. गेलो, तर नमस्कार-चमत्कार काही नाही. म्हणाले, "बूट काढा."

"आं?"

"बूट काढा हो. उजवा. मोजासुद्धा."

काढला. त्यांनी माझा पाय त्या पायाशेजारी टेबलावर ठेवायला लावला. "आता नडगीवरून हात खाली न्या. नडगी हे जाड हाड, ते आतल्या अंगाला. बारीक हाड बाहेरच्या अंगाला. नडगी कुठल्या बोटाच्या बाजूला उतरते?"

"अंगठ्याच्या."

"बरोबर. चालताना आपण जोर देतो तो अंगठ्यावर, म्हणून तो सगळ्यांत जाड आणि नडगीच्या बाजूला. आता हा बघा. सगळ्यांत जाड बोट कुठे आहे?"

मी वाकून बघितलं. जाड बोट बारीक हाडाच्या बाजूला, करंगळीच्या जागी. आतल्या अंगाचं बोट सगळ्यांत लहान.

"हातही तसाच. आपला अंगठा बाकीच्या बोटांसमोर येतो, म्हणून काठी धरता येते. याचा अंगठा त्यांच्याच रांगेत उभा."

"म्हणजे डॉक्टर?"

"म्हणजे अस्वल. सोललं की त्याचे पंजे भल्याभल्यांना फसवतात."

मी एक बूट हातात धरून तसाच उभा राहिलो. आणि बोटांची पेरं? ती नखांबरोबर कातड्याला राहतात, असं ते म्हणाले. मला एकदम उमगलं. आमच्या भागात अस्वलाचं नख चांदीत मढवून लेकरांच्या गळ्यात बांधत, दृष्ट लागू नये म्हणून. गावात परतलो तर खुद्द पोलीस पाटलाच्या नातीच्या गळ्यात नवंकोरं नख! शिकाऱ्याकडून घेतलं, असं तो खाली मान घालून पुटपुटला. ते काम मी जंगल खात्याकडे सोपवलं.

खून तर गेला, पण बाई कुठे होती? ज्या बापाने अस्वलाचा पाय लेकीचा म्हणून ओळखला, त्याच्या दुसऱ्या खात्रीवर मी तरी का अडून बसावं? शिपायाला अमडापूरला धाडलं. बाई मावशीच्या ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. इकडे काय घडलं याचा तिला पत्ताही नव्हता.

त्या दिवसापासून कुणी ओळख पटवायला आलं, की हा माणूस घरून काय मनात धरून निघाला असेल, याचा मी आधी विचार करू लागलो. त्या बापाने लेक मेली असं घरीच धरून चाललं होतं. नाल्यात तो फक्त पाय बघायला आला.

शिपाई तिला एस.टी.ने घेऊन आला. बाप ठाण्याच्या ओट्यावर उघड्या डोक्याने बसला होता. पाय अस्वलाचा होता हे त्याला आदल्या दिवशीच सांगितलं होतं. लेक फाटकातून आत आली, बापाचं भादरलेलं डोकं बघून जागीच थबकली. हातातलं गाठोडं खाली पडलं.

"बाबा! कोन गेलं?"

म्हातारा उठला, तिच्यापर्यंत गेला आणि तिच्यासमोर खाली बसला. धुळीने भरलेला तिचा पाय त्याने दोन्ही हातांत धरला.

"अस्वल गेलं वं माय," तो म्हणाला. "अस्वल गेलं."

तिला काहीच कळेना. ती माझ्याकडे बघू लागली. मी जमादारांना कोठडी उघडायला सांगितलं.