विमानावर वाजवलेला डबा

आज सकाळी आमच्या वावरावर ड्रोन घरघरला आणि मला माळ्यावरची आत्या आठवली.

माझ्या लहानपणी सेलूजवळच्या याच वावरात ज्वारी असायची. कणसं दुधावर आली की आत्या आणि मी पिकात उभारलेल्या उंच माळ्यावर बसून पाखरं हाकलायचो. हाताशी काठी, तेलाचा रिकामा डबा आणि खाली हिरव्या दाण्यांचा गोडसर वास. थव्याचा नुसता आवाज आला तरी पोपट की मैना, हे आत्या लांबूनच सांगायची. "आधी कान लाव, मंग वर पाह्य," हे तिचंच शिकवणं. त्याच कानांनी मी विमानं ओळखू लागले. नागपूरला उतरणारं घरघरत खाली यायचं, लांबच्या देशाला जाणारं पांढरी रेघ ओढत निघून जायचं.

मी हरखून हात हलवायचे. आत्या मात्र विमानावरही डबा बडवायची.

"ते काय कणसं खाते का वं, आत्या?" मी एकदा हसत विचारलं.

"उडणाऱ्याचा भरोसा नाई, पोरी," डोळे बारीक करून ती म्हणाली. "पाखरू आधी वरून पाहून जाते, मंग उतरते."

हे सांगून मी कित्येक वर्षं लोकांना हसवलं.

आज बांधावर उभ्या असलेल्या ड्रोनवाल्या पोराला विचारलं, "काऊन फिरवून राह्यला, बाबू?"

"काई नाई काकू. इकून रस्ता निघणार हाय म्हंते. नुसतं वरून पाहून राह्यलो."

मी गोठ्यातून तेलाचा डबा आणला आणि त्याच्यादेखत बडवायला लागले.